टेबल रेडिओ आणला, पण शॉर्टवेव्हवर नुसती खरखर. तार टाकू का?

निवांत_गडी
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात टेकसन एस-२००० हा टेबलावर ठेवायचा रेडिओ घेतला. सेकंडहँड आहे, पण अगदी जपून वापरलेला. एफएम खणखणीत लागतं, मीडियम वेव्हवर मुंबईची केंद्रं व्यवस्थित येतात. घोडं अडतंय ते शॉर्टवेव्हवर. ३१ मीटरच्या पट्ट्यावर चिनी केंद्रं तेवढी छातीठोक येतात. बाकी सगळीकडे घुंईईई असा आवाज, आणि त्याच्या तळाशी कोणीतरी काहीतरी बोलतंय असा भास.

राहतो मुंबईच्या उपनगरात, सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. रेडिओ हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलाय. वरची फिरणारी एरियल चारी दिशांना फिरवून पाहिली, शॉर्टवेव्हवर ढिम्म फरक नाही. मागे एक बीएनसी सॉकेट (केबल फिरवून अडकवायचं गोल) आणि तार अडकवायच्या क्लिपा दिसतात. गच्चीवर तार टाकावी म्हणतो. किती लांब टाकू? कसली? की सेटच बिघडलेला आहे?

लहरी_राजा
निवांत गडी, वरची फिरणारी एरियल मीडियम आणि लाँग वेव्हसाठी असते, तिच्या पोटात फेराइटचा दांडा आहे. शॉर्टवेव्हशी तिचा संबंध नाही. त्यासाठी मागची स्टीलची दांडी पूर्ण बाहेर काढा.

तार विकत आणायच्या आधी एक करा. रेडिओत चार जाडे सेल घाला, अ‍ॅडॅप्टर काढा, घुंई ऐकत राहा आणि घरातल्या कोणाला तरी मेन स्विच दोन मिनिटं बंद करायला सांगा. घुंई गेली तर सेटही ठीक आणि एरियलही ठीक, घर बिघडलंय असं समजा.

अनुस्वार
मेन स्विच बंद? संध्याकाळच्या मालिकांच्या वेळी करून दाखवा, मग मानू.

बिनतारी
मला हे पटत नाही. आमच्याकडे मर्फीचा व्हॉल्व्ह सेट होता. घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी, दोन्ही टोकांना चिनी मातीचे इन्शुलेटर, आणि अर्थची वायर नळाच्या पाइपला गुंडाळलेली. एवढ्यावर सिलोन, बीबीसी, मॉस्को सगळं लागायचं. एरियल लांब हवी, बस्स. दांडीवर कसलं शॉर्टवेव्ह ऐकताय? गच्चीवर चांगली शंभर फूट तार ओढा.

अ‍ॅपलपोटे
शॉर्टवेव्ह संपलं हो. रेडिओ ऑस्ट्रेलियाने जानेवारी २०१७ मध्ये बंद केलं, बीबीसी हिंदीने जानेवारी २०२० मध्ये, व्हॉइस ऑफ अमेरिका मार्च २०२५ मध्ये गप्प झालं. उरलंय कोण? त्या पैशात चांगला ब्लूटूथ स्पीकर आला असता. मोबाइलवर जगातलं कुठलंही केंद्र लावा, खरखर नाही आणि तारही नाही.

बिनतारी
मोबाइलवर सगळं मिळतं म्हणून आम्ही स्वयंपाकही बंद केला नाही अजून.

मालवणी_खाजा
अ‍ॅपलपोटे, आमच्याकडे पावसात टॉवर पडलो की तुमचा अ‍ॅप पयलो मरता. रेडिओ मात्र बोलत रवता.

आता मुद्द्याचं. मी कुडाळच्या बाजूला राहतो. मागच्या परसात माडाला बांधून वीस मीटर तार टाकली आहे, रात्री ४९ मीटरवर गर्दी असते नुसती. आमच्याकडे लाइट गेली की रिसेप्शन आणखी सुधारतं. सगळी वाडी काळोखात शिव्या घालते, मी खूश. त्यामुळे लहरी राजा म्हणतात ते खरं आहे. वैरी विजेच्या वायरींतूनच येतो.

सोल्डरगन
बिनतारी काका, जाळीची एरियल चालायची हे शंभर टक्के खरं. लहानपणी दुरुस्तीला जायचो तेव्हा दर दुसऱ्या घरात दिसायची. पण तेव्हा त्या घरात विजेवर काय चालायचं? पिवळा बल्ब, पंखा, फार तर इस्त्री. यातलं काहीही शॉर्टवेव्हवर आवाज करत नाही. (जुन्या रेग्युलेटरमध्ये नुसती वायरची कॉइल असायची. पंखा सावकाश फिरायचा, रेग्युलेटर गरम व्हायचा, पण रेडिओला त्रास नाही.)

आता घरातल्या प्रत्येक चार्जरमध्ये, एलईडी दिव्यात, राउटरच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये, सेट टॉप बॉक्समध्ये वीज सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद करणारं सर्किट असतं. त्याचे पडसाद पार २०-३० मेगाहर्ट्झपर्यंत उमटतात. चांगल्या मालात ते अडवायला फिल्टर असतो. स्वस्त मालात त्या फिल्टरची जागा बोर्डावर छापलेली असते आणि पार्ट लावलेलेच नसतात. उघडून बघा कधी, हसू येईल.

त्यामुळे आज घरातल्या घरात शंभर फूट तार लावली तर शंभर फूट गोंगाट गोळा होईल. जास्त लांब एरियल म्हणजे जास्त केंद्रं, हे गणित फक्त शांत जागी जुळतं.

लहरी_राजा
सोल्डरगन +१. लग्नाच्या मांडवात कानगोष्ट ऐकायची असेल तर कानयंत्राचा आवाज वाढवून भागत नाही, बँडवाल्याला गप्प करावं लागतं.

गोंगाटाचे प्रकार कानाने ओळखता येतात. सगळीकडे सारखी, जाड, ५० सायकलच्या गुणगुणीसारखी घरघर असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर. दर काही किलोहर्ट्झवर पुन्हा पुन्हा उगवणारी, किंचित सरकत राहणारी घुंई असेल तर चार्जर किंवा एलईडी. इंडक्शन शेगडी चालू झाली की सगळा बँडच झाकोळतो.

मेन स्विच बंद करून आवाज थांबला तर एक एक एमसीबी (खोल्यांचे वेगवेगळे छोटे स्विच) चालू करत जा. ज्या एमसीबीला आवाज परत येतो त्या खोलीत चोर. मग एखादा छोटा पॉकेट रेडिओ मीडियम वेव्हवर रिकाम्या जागी लावून हातात धरून फिरा. चोराजवळ गेलात की तो किंचाळतो.

विदर्भी_ऊन
आमच्या शेतात वेगळीच गंमत. यवतमाळ जिल्ह्यात रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावतात. रेडिओ लावला की साधारण सेकंदाला एक टक... टक... टक. शेजाऱ्याच्या शेतातलं मशीन, माझ्या घरातला रेडिओ. बोलणार कुणाला? डुकराला?

अनुस्वार
डुकराला रेडिओ आवडत असेल तर प्रश्न मिटला.

राईनकाठी
मी जर्मनीत राहते, तिसराच मजला, गच्चीवर जायची परवानगी नाही. शेजारी कोणीतरी विजेच्या वायरीतून इंटरनेट फिरवणारे अ‍ॅडॅप्टर लावलेत. सगळ्या शॉर्टवेव्हवर खडखड. तार खिडकीबाहेर टाकून पाहिली, खडखडही तेवढीच वाढली.

उपयोग झाला तो लूपचा. तांब्याच्या नळीचं साधारण मीटरभर व्यासाचं वर्तुळ, खाली छोटा अ‍ॅम्प्लिफायर. लूपला दोन बाजू बहिऱ्या असतात. ती फिरवून बहिरी बाजू गोंगाटाकडे करायची. केंद्र आभाळातून तिरकं उतरतं म्हणून ते फारसं कमी होत नाही, आणि जवळचा गोंगाट मात्र बराच खाली बसतो. निवांत गडींना गच्ची मिळाली नाही तर हा मार्ग आहे.

निवांत_गडी
सगळ्यांचे आभार, एवढी माहिती येईल असं वाटलं नव्हतं. सेल आणलेत. मेन स्विचचा प्रयोग रविवारी दुपारी, घरातले झोपल्यावर. गच्चीचं विचारायला सेक्रेटरींकडे गेलो होतो. "तुम्ही परदेशाशी बोलणार का?" असं विचारलं. म्हटलं, नुसतं ऐकणार. म्हणाले, मीटिंगमध्ये ठेवतो.

अ‍ॅपलपोटे
गेला गच्चीचा विषय. मीटिंगमध्ये गेलेला विषय परत आल्याचं कोणी पाहिलंय का? :)

सोल्डरगन
मीटिंगची वाट बघू नका. मोटार वाइंडिंग करणाऱ्याकडून बारीक इनॅमलची तांब्याची तार आणा, २६ गेजच्या आसपास. ती खालून दिसतही नाही. गॅलरीतून समोरच्या झाडाकडे, नाहीतर इमारतीच्या कोपऱ्याकडे, आठ-दहा मीटर पुरे. झाडाला बांधणार असाल तर टोकाला नायलॉनची दोरी लावा आणि तार सैल ठेवा. वाऱ्याने झाड हललं की ताणलेली तार तुटतेच. विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा शेजारून जाऊ देऊ नका. हे गमतीत घेऊ नका.

आता महत्त्वाचं. घरात शिरणारा शेवटचा तुकडासुद्धा एरियलच असतो, आणि नेमका तोच टीव्ही-राउटरच्या वायरींजवळून जातो. म्हणून गॅलरीबाहेर तारेच्या टोकाला ९:१ चा छोटा ट्रान्सफॉर्मर लावा, म्हणजे तार आणि केबल एकमेकांशी जुळतात. फेराइटच्या कडीवर वेढे घेऊन घरी होतो. तिथून रेडिओपर्यंत डिशची केबल आणा. आरजी-६, कुठल्याही केबलवाल्याकडे तुकडा मिळतो. ती ७५ ओहमची आणि सॉकेट ५० चं, म्हणून कोणी नाक मुरडेल, पण नुसतं ऐकायला त्याने काही बिघडत नाही. केबल बीएनसीला जोडा. ट्रान्सफॉर्मर न करता नुसती तार आणणार असाल तर ती क्लिपांना, त्या ५०० ओहमच्या आहेत. आणि एरियल आतली की बाहेरची ते निवडायचा स्विच मागे असतो, तो बघा. तो विसरून लोक महिनाभर तारेला शिव्या देतात.

अर्थिंगसाठी नळाचा पाइप आता चालत नाही, सगळे पीव्हीसीचे. भिंतीतल्या प्लगच्या अर्थला जोडाल तर घरातला सगळा कचरा उलट रेडिओत येईल. तळमजल्यावर असाल तर जमिनीत वेगळी सळई ठोका. तिसऱ्या मजल्यावर अर्थविना गेलं तरी चालेल.

मालवणी_खाजा
आणि विजा. मे महिन्यात वळवाचे ढग दिसले की तार रेडिओतून काढायची, खिडकीबाहेर टाकायची. तारेवर थेट वीज पडायलाच हवी असं नाही. लांब कुठे कडाडली तरी सेटचा पहिला ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. आमच्या गावात एकाचा गेला.

बिनतारी
बरं, गोंगाटाचं मान्य. आमच्या घरात तेव्हा एकच बल्ब होता हेही खरं.

पण सिलोनचा विषय निघाला नाही अजून, म्हणून मीच काढतो. १९५२ साली आकाशवाणीवर सिनेसंगीत जवळपास बंद पडलं आणि त्याच वर्षी सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवारी रात्री ८ वाजता अमीन सायानींचा आवाज आला की आळीतल्या सगळ्या खिडक्यांतून एकच कार्यक्रम. चालत गेलं तरी गाणं तुटायचं नाही. विविध भारती आली ३ ऑक्टोबर १९५७ ला, तरी सिलोनची सवय सुटेना. आणि लायसन्स! पोस्टात जाऊन दरवर्षी पुस्तकात तिकीट चिकटवून घ्यायचं. इन्स्पेक्टर आला अशी हूल उठली की रेडिओवर चादर.

लहरी_राजा
बिनतारी, सिलोन आपल्याकडे इतकं छान का लागायचं त्याचं कारण फार गमतीचं आहे. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांनी आग्नेय आशियातल्या सैनिकांसाठी कोलंबोजवळ रेडिओ सीक हे केंद्र काढलं, त्याचा १०० किलोवॅटचा ट्रान्समीटर एकाला इथे. युद्धानंतर तो रेडिओ सिलोनच्या हाती आला. त्यात कोलंबो ते मुंबई अंतर साधारण १५०० किलोमीटर. आयनोस्फिअरवरून, म्हणजे लहरी परतवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थरावरून, एका उडीत येण्याजोगं. ना फार जवळ, ना फार लांब.

"ना फार जवळ" हे नवख्यांना विचित्र वाटतं. शॉर्टवेव्ह वर जाऊन खाली उतरते. जमिनीलगतची लहर काही दहा-वीस किलोमीटरांत विरते आणि आभाळातली दूर उतरते, मधला पट्टा कोरडा राहतो. एखादं केंद्र शेजारच्या जिल्ह्यातून असूनही लागत नाही आणि रोमानिया लागतं, ते यामुळे.

अनुस्वार
म्हणजे नातेवाइकांचंच गणित. शेजारच्या गल्लीतले कधी येत नाहीत.

विदर्भी_ऊन
मेलबर्न, फेब्रुवारी १९८१. कपिल देवने दुखऱ्या मांडीने गोलंदाजी केली आणि ऑस्ट्रेलिया ८३ वर बाद. पहाटे अंधारात वडील आणि मी ऑस्ट्रेलियाची इंग्रजी कॉमेंट्री ऐकत होतो. मला इंग्रजी कळत नव्हतं, फक्त 'कपिल' आणि 'आउट' कळायचं. आणि नेमकं 'आउट' म्हणायच्या वेळी आवाज खोल जायचा. वडील रेडिओला थापटायचे.

लहरी_राजा
तो आवाज खोल जाणं म्हणजे फेडिंग. एकच लहर दोन-तीन वाटांनी येते, कधी वाटा जुळतात, कधी एकमेकींना खोडतात. सेटमध्ये दोष नसतो, थापटल्याने काही होत नाही. पण थापटायची पद्धत मात्र अखिल भारतीय आहे.

अ‍ॅपलपोटे
मी इतका वेळ वाईटपणा घेतोय तर एक उपयोगाचं सांगतो. किवीएसडीआर नावाचे रिसीव्हर जगभर लोकांनी इंटरनेटवर उघडे ठेवलेत, ब्राउझरमधून फ्रिक्वेन्सी लावता येते. निवांत गडींना एखादं केंद्र लागत नसेल तर आशियातला एखादा किवी उघडून तीच फ्रिक्वेन्सी बघावी. तिथे नीट येत असेल आणि घरी नसेल तर घरचा गोंगाट. तिथेही नसेल तर केंद्र चालू नाही किंवा वेळ चुकली.

लहरी_राजा
अ‍ॅपलपोटे, यासाठी तुम्हाला एक कटिंग चहा लागू.

वेळेवरून आठवलं. निवांत गडींनी कुठल्या वेळी कुठला बँड लावला ते सांगितलेलंच नाही, आणि निम्मं गणित त्यातच असतं. दिवसा आयनोस्फिअरचा खालचा डी थर कमी फ्रिक्वेन्सी गिळून टाकतो. त्यामुळे भर दुपारी ४९ किंवा ६० मीटर लावून बसलात तर काहीच मिळणार नाही. दुपारी १९, १६, १३ मीटर बघा. सूर्य मावळला की डी थर विरतो, मग २५, ३१, ४१ जागे होतात, आणि रात्र चढली की ४९ आणि ६०. मीटर आणि मेगाहर्ट्झची सांगड घालायला ३०० ला भागायचं. ९.७ मेगाहर्ट्झ म्हणजे जवळपास ३१ मीटर, ११.९ म्हणजे २५.

सूर्यडागांचं २५ वं चक्र २०२४ च्या सुमारास शिगेला पोचलं, त्यामुळे सध्या वरचे बँड रात्री उशिरापर्यंतही चालतात. उलट एखाद्या दिवशी मोठी सौरज्वाला आली तर दिवसाउजेडीच सगळी शॉर्टवेव्ह तासभर मरते. सेटला दोष देऊ नका.

वेळापत्रकं यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवा. १४:०० म्हणजे आपले संध्याकाळचे ७:३०. शिवाय मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सगळे फ्रिक्वेन्सी बदलतात. जुनी यादी छापून भिंतीला लावलीत तर सहा महिन्यांत रद्दी.

राईनकाठी
हे सहा महिन्यांचं खरंच. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ "बंद पडलं" म्हणून हळहळत होते. केंद्र शेजारच्या बँडवर मजेत चालू होतं.

बिनतारी
क्यूएसएल कार्ड, म्हणजे केंद्र ऐकल्याची पोचपावती, कोणी पाठवतं का आता? आम्ही पत्र लिहायचो, तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी आणि सिनपोचे पाच आकडे. दोन-तीन महिन्यांनी जाड पाकीट यायचं, कार्ड, कॅलेंडर, कधी बॅज. पोस्टमन आदराने बघायचा.

सोल्डरगन
काही केंद्रं अजून पाठवतात, बरीचशी ईमेलवर. बाकी सिनपो निवांत गडींनाही कामाचा आहे. सिग्नल, इंटरफिअरन्स, नॉइज, प्रोपगेशन आणि एकूण, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बदल करायच्या आधी आणि नंतर लिहून ठेवा. सिग्नल ३ वरून ४ झाला पण नॉइजचा गुण ४ वरून २ वर घसरला, तर तो बदल तोट्याचा. नुसत्या मीटरच्या काट्यावर जाऊ नका. काटा गोंगाटानेही चढतो.

निवांत_गडी
रविवारचा प्रयोग झाला, सांगतो.

सेलवर लावून मेन स्विच बंद केला. घुंई अशी गेली की क्षणभर रेडिओच बंद पडला असं वाटलं. पंधरा मेगाहर्ट्झच्या आसपास चक्क तीन-चार केंद्रं. मग एमसीबी एकेक चालू केले. पहिला चोर टीव्हीमागे, सेट टॉप बॉक्सचा अ‍ॅडॅप्टर, जो टीव्ही बंद असतानाही चालू असतो. दुसरा गॅलरीतला एलईडी. राउटरचा अ‍ॅडॅप्टर तिसरा, पण तो मंद. रेडिओ आता बेडरूमच्या खिडकीशी, टीव्हीपासून लांब. गॅलरीतला दिवा दुसऱ्या कंपनीचा लावला, तो गप्प आहे.

तरी मधूनच अर्धा मिनिट घरघर येते आणि जाते. घरातलं सगळं बंद असतानाही. हे काय असेल?

सोल्डरगन
लिफ्ट आहे ना? नव्या लिफ्टच्या मोटारीला ड्राइव्ह असतो. लिफ्ट चालली की घरघर, थांबली की शांत. दार उघडून खात्री करा.

निवांत_गडी
लिफ्टच! आता रात्री कोण किती वाजता घरी येतं ते मला बेडरूममध्ये बसून कळतं.

अनुस्वार
सेक्रेटरींना हे सांगा. गच्चीची परवानगी लगेच मिळेल, नाहीतर तिसऱ्या मजल्यावरून हकालपट्टी.

निवांत_गडी
तारही टाकली. वाइंडिंगची, गॅलरीतून आंब्याकडे, साधारण नऊ मीटर, डिशची केबल खिडकीतून आत. दिवसा फरक खूप, नुसत्या दांडीवर जी केंद्रं कुजबुजत होती ती आता स्पष्ट. पण रात्री ३१ आणि ४१ मीटरवर गोंधळ उडतो. एका केंद्राच्या मागे दुसरंच केंद्र बोलतं, जिथे नको तिथे चिनी गाणी.

लहरी_राजा
तो ओव्हरलोड. संध्याकाळी चायना रेडिओ इंटरनॅशनलसारखे दणकट सिग्नल एवढ्या जोरात येतात की सेटचं पहिलं सर्किट गुदमरतं आणि खोटी केंद्रं जन्माला घालतं. आरएफ गेन (एरियलकडून येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) खाली आणा. आवाज कमी होईल तो व्हॉल्यूमने वाढवा. केंद्रं वेगळी होतात की नाही बघा. आणि बँडविड्थ अरुंद करा. काही वेळा रात्री तार काढून नुसत्या दांडीवरच जास्त छान ऐकू येतं.

घरचा सेट तपासायला दोन गोष्टी. १० मेगाहर्ट्झवर संध्याकाळी चीनच्या शान्शी प्रांतातलं बीपीएम हे कालमापन केंद्र बघा, सेकंदाला एक टिक. बँड उघडा आहे का ते त्यावरून कळतं. आणि एसएसबी (विमानं-जहाजं वापरतात ती प्रसारणाची पद्धत) अप्परवर ठेवून ६६७६ किंवा ११३८७ किलोहर्ट्झ लावा. मुंबईहून विमानांसाठी हवामान वाचून दाखवतात, दर अर्ध्या तासाने. दाब, वारा, दृश्यमानता, एका विमानतळानंतर दुसरा. मजकूर कंटाळवाणा, पण एकदा लागलं की सोडवत नाही.

मालवणी_खाजा
१० मेगाहर्ट्झची टिकटिक आमच्याकडे मस्त येता. बायको म्हणाली, घड्याळ ऐकूक एवढो मोठो रेडिओ कित्याक?

निवांत_गडी
आरएफ गेन अर्ध्यावर आणला आणि काल रात्री ४१ मीटर माणसात आला. टिकटिकही मिळाली. विमानांचं अजून नाही, एसएसबीचं बटण शिकतोय. गच्चीचा विषय मीटिंगमध्ये पुढच्या वेळेला ढकलला आहे, आता झाला तरी घाई नाही.

अनुस्वार
या धाग्यामुळे मीही माळ्यावरून आजोबांचा सेट काढला. लाकडी, हिरवा डोळा असलेला, मागचं पुठ्ठ्याचं झाकण अर्धं उंदरांनी खाल्लंय. प्लग लावून बघू का?

सोल्डरगन
नाही!! थांबा. अजिबात लावू नका.

जुने कागदी कपॅसिटर इतक्या वर्षांत गळके होतात, थेट वीज दिली तर ट्रान्सफॉर्मर किंवा व्हॉल्व्ह जळतो. काही सेटांना ट्रान्सफॉर्मरच नसतो, चॅसीस थेट मेनवर असते, बाहेरच्या स्क्रूलाही शॉक बसू शकतो. आधी आत साफसफाई, कपॅसिटर बदलायचे, आणि पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटचा पिवळा बल्ब सीरिजमध्ये. आत शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि सेट वाचतो. हे स्वतः करू नका, जवळच्या जुन्या मेकॅनिककडे न्या.

आणि चालू झाल्यावर एकच केंद्र डायलवर दोन ठिकाणी लागलं तर घाबरू नका. त्या सेटांत मधली फ्रिक्वेन्सी बहुधा ४५५ किलोहर्ट्झ असते, त्यामुळे ९.७ मेगाहर्ट्झचं केंद्र ८.७९ जवळही ऐकू येतं, दुप्पट म्हणजे ९१० ने खाली. खरं कुठलं ते फ्रिक्वेन्सी यादीवरून ठरवायचं.

बिनतारी
हिरवा डोळा चालू झाला तर फोटो टाका. केंद्र अचूक लागलं की मधली पाचर मिटते, ते बघायला आम्ही लहानपणी भांडायचो.

अनुस्वार
मेकॅनिक मिळाला, पेठेत एक आजोबा अजून करतात. त्यांनी सांगितलं, बल्ब तुम्हीच आणा, माझा गेलाय. तीन दुकानं फिरले, सगळीकडे एलईडी दाखवतात. १०० वॅटचा पिवळा बल्ब आता मिळतो कुठे?

विदर्भी_ऊन
पोल्ट्रीचं सामान विकणाऱ्याकडे विचारा. पिल्लांना ऊब द्यायला अजून तेच बल्ब लागतात.